पंधराव्यावर

सातपूरच्या समाजमंदिरात, सतरंजीवर,
कमरेखाली काहीच नसलेली आठ माणसं उताणी.
रबराची. तोंडं अर्धवट उघडी,
काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी.

कुंभ जवळ आलाय, म्हणून वॉर्डातल्या कोणालाही बोलावलंय :
भेळवाला, दोन रिक्षावाले,
पिठाच्या गिरणीतली शोभा गायधनी, केसांवर पीठ तसंच,
कॉलेजची पोरं. आणि मी,
ज्याच्याकडे एक्याण्णव सालचं प्रमाणपत्र आहे,
लॅमिनेशन पिवळं पडलेलं.

शिकवायला सिव्हिलची नर्स, रिझवाना पिंजारी.
बुटकी. आवाज शिफ्ट सुटल्याच्या भोंग्यासारखा.
"नाडी शोधत बसू नका,
सापडते ती आपल्याच अंगठ्याची असते.
बरगड्यांवरून बोटं मोजत येऊ नका.
छातीचा मधोमध. दोन इंच खोल. मिनिटाला शंभरच्या वर.
तोंडाला तोंड जमत नसेल, सोडून द्या.
हात तेवढा थांबवू नका."

मी वहीत उतरवून घेत होतो,
आणि डाव्या पानावर
आम्हाला शिकवलेलं एकेक खोडत होतो.

"फक्त गंगेवर कोणी बुडालेलं काढलं असेल,
तर आधी श्वास द्यायचा. तिथे नुसते हात पुरत नाहीत."
तेवढी एक ओळ खोडावी लागली नाही.

आमच्या वेळी पंधरा दाब, दोन श्वास,
मग थांबून गळ्याशी नाडी बघायची.
उत्तम धात्रक प्रेस शॉपमध्ये कोसळला
तेव्हा जेवणाची सुट्टी नुकती संपली होती.
त्याच्या तोंडाला मेथीच्या भाजीचा आणि चुन्याचा वास होता.
तो वास मला अजून ओळखता येतो.
पंधरा. थांब. श्वास. श्वास. नाडी बघ.
कंपनीची जीप बॅटरी उतरून गेटवर उभी होती,
चौघे तिला ढकलत होते,
आणि मी अगदी नियमाप्रमाणे
पुन्हा पुन्हा थांबत होतो.

त्याची बायको अंबडच्या बाजारात भेटते कधी कधी.
"भाऊजी, तुम्ही खूप केलंत," म्हणते,
आणि पिशवीतली वांगी मला धरायला देते.

"मॅडम," मी विचारलं, "कोणी पंधराच दाबले असतील तर?"
"तीस, काका. आता तीस," ती म्हणाली
आणि पुढच्या रांगेकडे वळली.

मग माझी पाळी.
गुडघे वाजले. कोपर सरळ, खांदे बरोबर वर.
बाहुलीच्या आत काहीतरी टकटक वाजायचं,
बरोबर दाबलं की.
"दाबलं की पूर्ण सोडा," ती ओरडली,
"छाती फुगून वर आली पाहिजे!
आमचे अब्बा भद्रकालीत गाद्या भरायचे.
हात उचलल्यावर जी गादी फुगत नाही
ती गिऱ्हाईक परत आणतं."
सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.
तेरा, चौदा, पंधरा

आणि हात थांबले.

मी थांबवले नव्हते.
कोणी दरवाजा ओढून घ्यावा तसे थांबले.
हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.
बाहुलीचं तोंड उघडं, माझी मान तिच्याकडे झुकलेली.

"काय झालं, काका?"
मला सांगता आलं नाही.
तिनं काही विचारलं नाही पुन्हा,
गुडघ्यावर बसली, माझ्या हातांवर आपले हात ठेवले,
मेहंदी उडत चाललेले, सॅनिटायझरचा वास येणारे,
आणि सगळं वजन टाकून दाबलं.

"सोळा," ती म्हणाली.

रात्री झोप येईना.
उठून बसलो, आणि गादीवरच,
दोन्ही तळवे एकावर एक.
कापूस खाली जातो, वर येतो.
"काय मोजताय अंधारात?" हिनं कूस बदलत विचारलं.
सत्तावीस, अठ्ठावीस.
"झोपा आता," ती म्हणाली.
एकोणतीस.