जोडी यायच्या आधी

खडे बाजारातून राळं आणलं, दीड किलो.
दुकानदार म्हणाला, नवणी.
मी म्हटलं, राळं.
दोघांचे हात एकाच पोत्यात.

समुद्रफेस, चोच घासायला.
करवंटीला भोक पाडून
ह्यांनी कड काचपेपरनं गुळगुळीत केली,
स्वतःची दाढीसुद्धा इतक्या निगुतीनं करत नाहीत.

पिंजरा लांबट घ्या म्हणाला, उंच नको,
फिंच आडवं उडतं.
वडगावच्या ह्या बोळात
उंच उडालंय तरी कोण.

घरट्याला मागाची सुतं देणार होते,
कोपऱ्यात ढीग पडलाय.
तर नको म्हणे, पायात गुंततात,
आवळून पाय गळतो.
मी माझ्या पायांकडे बघितलं.
तीस वर्षं झाली.
मग येळ्ळूरच्या बांधावरनं गवत आणलं.

गौरव्वाचं मांजर रोज येतंय,
रिकामा पिंजरा बघून जातंय.
त्याचीपण तयारी चाललीय.

एकच काळजी होती, मागाचा दणका.
भिंत हलते, पिंजऱ्याची दांडी हलते,
पाखरं भितील.

काल रात्री वीज गेली.
माग थांबला.
अंधारात आम्ही दोघंच, पिंजऱ्यासमोर.
बऱ्याच वेळानं हे म्हणाले,
एवढं गप्प
त्यांना सोसंल काय गे?