किलोच्या भावाने

हौसेला मोल नसतं म्हणतात.
आमच्या वुच शहरात असतं, किलोवर.
सोमवारी जुन्या कपड्यांचे नवे गठ्ठे फुटतात
तेव्हा सत्तर झ्लॉटी,
मंगळवारी साठ,
आणि असं उतरत उतरत शनिवारी दहा,
जेव्हा उरतात जोडीदार हरवलेले मोजे,
कुणाच्या तरी लग्नातले टाय
आणि माझ्यासारख्या मुली.

अडचण एवढीच की ऊब जड असते.
झिरझिरीत ब्लाउज ठेवला तर काटा हलतसुद्धा नाही,
लोकर ठेवली की धाडकन
ट्रामचा पास, पंधरा दिवसांचे बटाटे,
आणि खोलीभाड्यातला माझा वाटा थरथरायला लागतो.

तो कोट मी सोमवारी पाहिला.
बाटलीचा हिरवा, पुरुषी, रुंद कॉलरचा,
आत जांभळट अस्तर, काखेत जरासं उसवलेलं,
मानेपाशी शिवलेली नावाची पट्टी: ई. लिंडक्विस्ट.
दोन किलो तीनशे.
म्हणजे एकशे एकसष्ट.
मी हिशेबनीस व्हायला शिकते आहे,
एवढं तर तोंडी येतं.
इकडेतिकडे बघून
मी त्याला पडद्यांच्या ढिगाखाली झोपवला.
पडदे कोण घेतंय.

मग तो आठवडा.
स्कर्टच्या आत भावाची लांब चड्डी,
जाड स्वेटरवर पातळ स्वेटर,
म्हणजे अंग भरल्यासारखं वाटतं, गुंडाळल्यासारखं नाही.
बुटांत वर्तमानपत्र,
हवामानाचं पान टाचेखाली.
कसरीने खाल्लेलं भोक
मफलरच्या कुठल्या पिळात लपतं
हे मिरेलाने शिकवलं,
तिच्या घरी चार बहिणी आणि एक मफलर.
वर्गात क्लाउदिना आणि तिच्या मैत्रिणी
पिसांच्या फुगीर जाकिटांत,
बाहीवर छोटासा बिल्ला.
तो बिल्लाच म्हणे सगळ्यात उबदार असतो.

कॉलेज सुटलं की
दवाखान्यातल्या माणसाला भेटावं तशी
मी कोटाला भेटून यायचे.
बुधवारी पंचेचाळीस.
गुरुवारी तीस, आणि बाहेर उणे अकरा.
शुक्रवारी वीस. हात कॉलरपर्यंत गेला,
पर्समधले तीस झ्लॉटी पुन्हा मोजले,
आणि परत आले.

शनिवारी पडदेच नव्हते.
एकही नव्हता.
एक म्हातारा शेवटची गुंडाळी काखेत मारून
दारातून बाहेर पडत होता,
आणि मी रिकाम्या टेबलाकडे
मूर्खासारखी बघत उभी.

"दरवर्षी एक तरी पोरगी पडद्यांत कोट लपवते,"
गल्ल्यावरून विएस्वावाबाई म्हणाल्या,
"आणि दरवर्षी थंडी वाढली की
लोक आधी खिडक्या झाकतात."
मग खाली वाकून, कण्हत,
त्यांनी लिंडक्विस्टला वर काढला.

तराजूवर ठेवताना
त्यांनी एक बाही हातात धरून ठेवली,
नाडी बघावी तशी.
काटा दोनपर्यंत पोचलाच नाही.
आम्ही दोघींनी काट्याकडे बघितलं,
एकमेकींकडे नाही.
"एकोणीस," त्या म्हणाल्या.

सोमवारी उणे चौदा होतं.
कोट घोट्यापर्यंत. बाह्या लांब,
म्हणून दोनदा दुमडल्या,
तर जांभळं अस्तर बाहेर आलं,
आणि मिरेला म्हणाली, खबरदार उलगडशील तर.
काखेत मी सुई घातली होती,
दोरा जुळला नाही, पण हात कोण वर करतंय.

ट्रामच्या थांब्यावर क्लाउदिनाने
मला वरपासून खालपर्यंत वाचलं.
"कुठून घेतलास?"
"स्वीडनचा आहे."
"आणि हातमोजे?"

उरलेल्या अकरा झ्लॉटींत हातमोजे बसत नव्हते.
पण लिंडक्विस्ट, जो कोणी होता,
त्याचे हात मोठे असणार.
मी मनगटापर्यंत, मग कोपराच्या जवळपर्यंत
खिशात शिरले,
आणि ट्राम येईपर्यंत
कशालाच बाहेर आले नाही.