दक्षिणेस मी

वेळ सायंकाळी सहा वाजून बावीस मिनिटे.
ठिकाण साकीनाका, मेट्रोच्या खांबाखाली.
पूर्वेस औषधांचं दुकान, पश्चिमेस रस्ता,
उत्तरेस बँकेचं खाली ओढलेलं शटर,
दक्षिणेस मी.
आधी जागा पक्की कर, आप्पा म्हणायचे,
मग माणसं. आणि दिसलं ते लिही,
वाटलं ते लिहायचं नाही.

माणसं दोन.
एक मुरुगेश, शहाळीवाला.
दुसरा वर्दीतला. छातीवर नावाची पट्टी नाही,
पट्टीच्या जागी टाचणीची दोन भोकं.

फोन वर केला तेव्हा माझ्या मनात
कायदा नव्हता, कलम नव्हतं.
मी भावाला शहाळ्यांचा फोटो पाठवत होते,
मलईचं आणू की पाण्याचं, एवढंच विचारायला.
तेवढ्यात पहिली कानफटात बसल्याचा आवाज आला
आणि अंगठा आपोआप व्हिडिओवर सरकला.

"ए, बंद कर ते."
"रस्त्यावर उभी आहे, साहेब."
"शूटिंगला बंदी आहे इथं."
"कुठे लिहिलंय?"
त्यानं खरंच वळून पाहिलं,
जणू असेलही एखादी पाटी.
खांबावर लिहिलं होतं: येथे लघवी करू नये.
त्याच्या खाली दहावी-बारावीचे क्लास.
आणि सगळ्यांच्या वर सरकारी कॅमेरा,
आम्हा तिघांकडे मान वाकडी करून बघणारा.
त्याला कुणी बंद कर म्हणालं नाही.

"कुणाची गं तू?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा.
मरोळच्या पोलीस कॅम्पात येता-जाता विचारायचे,
खोपकर हवालदारांची, म्हटलं की
खिशातून लिमलेटची गोळी निघायची.
या वेळी मी उत्तर दिलं नाही.

एक मिनिट बावन्न सेकंद.
कोयता सबंध वेळ ओल्या गोणपाटाखाली.
मूठ तेवढी दिसते, सुतळी गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी कळलं,
मुरुगेशनं कोयता उगारला, असं कागदावर आहे.
पंचही आहेत दोन.
कुठे उभे होते कोण जाणे,
उत्तरेस तर शटर होतं.

आप्पांनी चष्मा पुसला.
बत्तीस वर्षांत त्यांनी किती पंच
चहा पाजून बसल्या जागी उभे केले,
मी कधी विचारलेलं नाही.
आधी आवाज बंद करून पाहिलं, मग आवाजासकट.
मग थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं,
चेहरा नाही,
मनगट.

"काठी अशी आडवी धरायची," ते म्हणाले,
"म्हणजे वळ उठत नाही.
मीच शिकवलंय पोरांना."

आईनं गॅस बंद केला.
कुकरची शिट्टी अर्ध्यात राहिली.

बराच वेळ ते तसेच. फोन झोपला,
त्यांनी बोटानं उठवला, आकडे विचारले,
मी सांगितले. त्यांनी पुन्हा पाहिलं.

मग ठाण्यातल्या आवाजात, जो घरी
आम्ही फार क्वचित ऐकलाय:
"मूळ फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही.
एक प्रत वकिलाकडे, एक ताईच्या घरी.
मागायला आले तर जप्तीचा कागद माग,
कागद नसेल तर दार लाव.
वर्दी घालून भर रस्त्यात केलेलं काम
कुणाचं खासगी नसतं."
थोडं थांबून,
"माझंही नव्हतं."

"आणि तुझा हात हललाय. सतराव्या सेकंदाला."
"घाबरले होते, आप्पा."
"मग तेही लिही."

सतराव्या सेकंदाला चित्र डावीकडे कलतं.
तिथं एक शहाळं आहे, फुटलेलं,
पाणी गटाराच्या दिशेनं निघालेलं,
एक चप्पल, उजव्या पायाची.
मग परत मुरुगेश.