ट्रायल

नवतपा लागला त्या पहाटे
पुष्पलता सिस्टर गाडी घेऊन गेल्या.
मेडिकलच्या जळीत वॉर्डात बावीस वर्षं झाली त्यांना,
रजा मागितली तीही मे महिन्यात,
आणि जायचं कुठं, तर जैसलमेर.
मी म्हटलं, मॅडम, इथं ऊन कमी पडून राहिलं का?
त्या हसल्या नाहीत.
मागच्या चाकाची हवा बघा, म्हणाल्या.

एकशे पंचवीस सीसी. ड्युटीवर जायची गाडी.
मी प्लग बदलला, चेन ताणली,
क्लचची एक जास्तीची केबल सीटखाली बांधली
आणि टूलबॉक्समध्ये, पान्ह्यांच्या शेजारी,
न विचारता एक कांदा ठेवला.
आमच्याकडे लू फक्त कांद्याला भिते.

मग गल्लीतलं डांबर चपलेला चिकटू लागलं.
दुपारी शटर अर्धं खाली.
कूलरच्या टाकीत बादली ओतताना मी मोजायचो:
आज बैतुल मागं पडलं असेल. आज उदेपूर.
आज जे असेल त्याचं नाव मला येत नाही.
पोऱ्या विचारायचा,
"मामा, कोनाशी बोलून रायले?"

दहाव्या दिवशी गाडी दारात.
सिस्टरच्या नाकावरची कातडी सोललेली, अंगावर युनिफॉर्म,
ऑटो थांबवून ठेवलेला.
"सर्व्हिसिंग," एवढंच.
मला राहवलं नाही. तिकडचं ऊन कसं, मॅडम?
ऑटोत एक पाय टाकून त्या थांबल्या.
"तिकडं ऊन कोणाला लागत नाही, भाऊ.
नुसतं पडलेलं असतं."

पाठीमागं बराच वेळ मी पाना हातात धरून उभा.

गिऱ्हाईक लपवतं, गाडी लपवत नाही.
मीटरवर तीन हजार एकशे बारा जास्तीचे.
डावा आरसा नाही, डावं फूटरेस्ट वाकलेलं,
टाकीला मात्र ओरखडा नाही:
म्हणजे पडल्या, पण हळू, आणि मऊ जागी.
केबल बदललेली. नट उलट्या बाजूनं आवळलाय,
बसवणारा डावखुरा असावा, आणि घाईत नसावा.
हॉर्नचं बटण रेतीनं बसलेलं;
ते बसलंय हे त्यांना कळलंही नसेल.
ब्रेक शू काढले. जवळपास नवे.
ब्रेक लावण्यासारखं समोर काही आलंच नसेल.

एअर फिल्टर वर्तमानपत्रावर झटकला
तर हळदीत राख मिसळावी तशी ती पडली,
बारीक, कोरडी,
सोन्याच्या भावाच्या बातमीवर.
पोऱ्या फुंकर मारणार होता.
मी त्याचा हात धरला.

टूलबॉक्समध्ये अर्धाच कांदा.
कापलेला सरळ, एका झटक्यात, दवाखान्यातल्या हातानं.
कापल्या जागी काचेसारखी साय आलेली.
दुसरा अर्धा कुणाच्या भाकरीवर गेला,
ते गाडीला माहीत नाही.

काम झालं की ट्रायल.
नेहमीची: सक्करदरा चौक, वळायचं, परत. आठ मिनिटं.
रात्रीचे अकरा, वारा अजून भट्टीच्या तोंडचा,
चौकातला सिग्नल हिरवा,
आणि मी वळलो नाही.
दिघोरी नाका गेला. ढाबे गेले. दिव्यांचे खांब संपले.
चोवीस वर्षांत लोकांच्या गाड्या मी कुठंकुठं पाठवल्या,
स्वतः चौकातून वळत आलो,
हे तेव्हा सुचलं नाही, आत्ता सांगताना सुचतंय.
तेव्हा फक्त चौथ्या गिअरचा आवाज ऐकत होतो,
तो स्वच्छ होता.

विहीरगावच्या अलीकडे गाडी स्टँडवर लावली.
सायलेन्सर टिकटिक करत निवत होता.
दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं,
ब्रेक लावण्यासारखं काही नाही.

सकाळी बिल लिहिलं:
ऑइल, आरसा, हॉर्नचं बटण.
ट्रायलचं पेट्रोल माझ्याकडून.
रेतीची पुडी बांधून हँडलला अडकवली.
निम्मीच.