मेलेली तार

उद्यमनगर. खाली लेथ, वर आम्ही.
तिन्ही मजल्यांवर पांढरे डबे,
हवेतून एकमेकांना हाका मारणारे.
मध्ये स्लॅब, शटर, बिडाच्या कास्टिंगची थप्पी.
तिसऱ्यावर पोचेपर्यंत
हाकेची नुसती धाप उरायची.

दस्तगीर म्हणाला, "वहिनी, हवेचा भरवसा नको,
डब्याला डबा तारेनं जोडू.
भिंतीत पाईप हाय का?"

होता. आत टेलिफोनची मेलेली तार.
नंबर गेला, फोन भंगारात गेला,
तार कुणी काढलीच नव्हती.

तिच्याच टोकाला त्यानं निळी केबल बांधली,
चिकटपट्टी गुंडाळली, वर साबण चोळला,
आणि मी वरून ओढायला बसले.
"ओढा!" "सोड की!" "थांबा, अडकलंय!"
जिन्यात किती वर्षांनी एवढा आरडाओरडा.

हिरवट, चिकट, वीतवीत करत ती हातात आली.
हिच्यावरून सासऱ्यांनी
फौंड्रीवाल्याला शिव्या घातल्या होत्या,
आणि मला मुलगी झाली
ते कोडोलीला कळवलं होतं, त्याच आवाजात.

मागोमाग निळं टोक.

संध्याकाळी खालून ह्यांचा मेसेज
न अडखळता तीन मजले चढून आला:
चहा टाक.
मी जिन्यात जाऊन ओरडले,
"टाकलाय!"