धार कोण लावतंय

तस्लीम भोपळ्याला पॉलिश करता करता वाचते.
म्हणजे मोबाईल डिंकाच्या डब्याला टेकवून ठेवते
आणि बोटं लाखेनं माखलेली असली
की कोपरानं पान पुढं सरकवते.
चीनमधली गोष्ट. बाराशे सात प्रकरणं.
सहाशे चाळिसाव्यापासून ती आम्हांला सांगते आहे,
आधीचं विचारायचं नाही.

मिरजेतल्या या बोळात आता सगळ्यांना ठाऊक आहे
की वेन-लान बर्फावरून चालली तर ठसा उमटत नाही.
तिचा गुरू दारुडा. तो गुरू नाहीच,
गुरूचा खुनी. हे तिला कळायला अजून शंभर प्रकरणं.
एक आंधळा बासरीवाला आहे, चहाच्या टपरीत बसतो,
अंगणापलीकडं पान गळलं तरी मान वळवतो.
मी पडदे बांधतो. तो मेला त्या दिवशी
माझा सोळावा पडदा दोनदा चुकला.

त्या जगाला ते लोक 'नद्या-तळी' म्हणतात,
तस्लीम म्हणाली. राजाचं चालत नाही,
दिलेला शब्द तेवढा चालतो.
बाबालाल चाचा म्हणाले, त्यात काय,
कृष्णाघाटावर पाणी चढलं तवा
कौलांवरनं आम्हीबी चाललोय.
फकस्त आमची कौलं फुटली.

चाचांचं आडनाव शिकलगार.
सात पिढ्यांमागं हत्यारांना धार लावायचे,
मग हत्यारं गेली, तारा आल्या.
मधल्या वर्षांत काय खाल्लं ते सांगत नाहीत.

परवा घोडीवर कानस फिरवत होते, जवारी काढत,
हाडाची पांढरी भुकटी मिशीवर.
तस्लीमचं नऊशे अकरावं चाललं होतं:
बांबूच्या बनात एका रात्रीत चाळीस जण,
आणि पात्यावर थेंब नाही.
कानस थांबली.
"चाळीस?"
"चाळीस."
"मग धार कोण लावतंय गं?"

तस्लीम हसली. मग शोधायला लागली.
तलवार घडवणारे सापडले तीन.
चोरणारे, पुरणारे, तिला नाव ठेवणारे,
तिच्यापायी बापाला न ओळखणारे, ढिगानं.
सहाणेवर वाकलेला माणूस एकही नाही.
दुपारचा डबा तसाच राहिला.

"हाडाला लागलं की धार जाती," चाचा म्हणाले,
"किती का मोठा वीर असंना."

त्या रात्रीपासून ती वाचत नाही.
भोपळ्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिते.
डोंगराखाली एक दुकान. म्हातारा नाव विचारत नाही,
पात्यावरून अंगठा फिरवतो
आणि कुणाला मारलं, कुणाला सोडलं ते ओळखतो.
बर्फातून एक बाई येते. येताना ठसे नाहीत.
जाताना आहेत.
का, ते तस्लीमलाही अजून ठाऊक नाही.
"मिशी ठेवू का त्याला?" तिनं मला विचारलं.
ठेव म्हटलं.

चाचांनी तार छेडली, कान दांडीला लावला.
"बोथट हाय अजून,"
आणि घोडी पुन्हा काढली.