खोडवा

तीन नंबरच्या खिडकीमागच्या फियोर्दालिझाबाई
वाईट नव्हत्या.
पंखा त्यांनी माझ्याकडे वळवला,
बस म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या,
तुझा जन्मदाखला तूर्त स्थगित आहे.

म्हणजे जन्म झालाय,
पण पुढची तारीख पडलीय.

कारण विचारलं, तर त्यांनी कायद्यातला शब्द सांगितला:
तुझा आजोबा वाटेत होता.
या देशात राहत नव्हता, या देशातून जात होता.
वाटसरूचं पोर इथलं नसतं,
पोराचं पोरही नसतं.

आजोबा हैतीहून ट्रकमध्ये उभ्यानं आला
तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.
सरकारनं सरकारशी करार केला होता,
डोईमागे दर ठरला होता.
कारखान्यानं त्याला कोयता दिला,
बातेयमधली पत्र्याची खोली दिली
आणि नंबराचं एक कार्ड.
त्यावर मुकादमानं ऐकू आलं तसं नाव लिहिलं.
आईच्या दाखल्यावर ते दुसरंच झालं,
माझ्या दाखल्यावर तिसरं.
द्योसल. मूळ अर्थ, देव एकटाच.
स्पेलिंग कुठलंही घ्या, एकटेपणा शाबूत राहिला.

अठ्ठेचाळीस हंगाम तो वाटेत होता.
वाटेत त्यानं लग्न केलं.
वाटेत डाव्या हाताची दोन बोटं फडात राहिली,
ती कुणी सीमेपार धाडली नाहीत.
वाटेत एक मुलगा पुरला, रुळांच्या पलीकडे,
वर आंब्याची कोय टोचली.
झाड आता एवढं झालंय
की रविवारी त्याच्या सावलीत
डॉमिनोचे दोन डाव मांडतात.

उसाचं त्याला विचारा.
सांगेल, कांडी आधी बाहेरून आणतात, खरंय.
पण एकदा तोडला की बुडखा मातीत राहतो,
त्यातून फुटतो तो खोडवा.
पाच-पाच, सहा-सहा वर्षं इथं खोडवाच चालतो.
वजनकाट्यावरचा कारकून, ज्यानं जन्मभर काटा मारला,
तोही कधी म्हणाला नाही
हा ऊस पाहुणा आहे,
आधी याच्या कांडीचा कागद दाखव.

आणि साखर?
बंदरावर मी पाहिलंय,
पोत्यापोत्यावर देशाचं नाव छापलेलं,
खेपेबरोबर उगमाचं प्रमाणपत्र, सहीशिक्क्यासकट.
पोतं समुद्र ओलांडतं.
मला विद्यापीठाचं फाटक ओलांडता येत नाही,
तिथला वॉचमन ओळखपत्र मागतो.

शाळेत झेंड्यापुढे मी पहिल्या रांगेत असायचे,
आवाज चांगला म्हणून.
पलीकडची भाषा मला
एक अंगाई आणि चार शिव्या, एवढीच येते.
तिकडे जाऊन मी काय करू,
कुणाला झोपवू आणि मग कुणाशी भांडू?

फियोर्दालिझाबाईंनी एक फॉर्म पुढे सरकवला.
यात लिही की तू परदेशी आहेस.
मग दोन वर्षांनी
इथली होण्यासाठी अर्ज करता येईल.
हळू आवाजात म्हणाल्या,
पुष्कळ जण भरतात गं.

रकाना चौथा: देशात प्रवेश केल्याची तारीख.
मी माझा वाढदिवस लिहिला.
रकाना पाचवा: प्रवेशाचं ठिकाण.
ओलिविन सुईणीची खोली, पाण्याच्या टाकीजवळ.
रकाना सहावा: प्रवासाचं साधन.
इथं मात्र पेन तसंच धरून बसले.
बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी
शक्य तितक्या आवाज न करता लावली.

संध्याकाळी आजोबा दारात पाय धूत होता.
तीन बोटांनी घोटा चोळत त्यानं विचारलं,
मिळाला दाखला?
वाटेत आहे, मी म्हणाले.

तो इतका हसला, इतका हसला
की ठसका लागला,
आणि आईला चुलीवरून उठून
पाणी आणावं लागलं.